सुपरग्लूने लेदर का धरत नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लेदर कोरलचे (चामड्यासारख्या दिसणाऱ्या मऊ कोरलचे) फ्रॅग, म्हणजे कापून लावायचे तुकडे, ग्लूशिवाय बसवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जेल ग्लूने फ्रॅग दोन मिनिटांत प्लगवर (फ्रॅग लावायच्या छोट्या चकतीवर) बसतो, तिथे मी दोन-तीन आठवड्यांचा कुटाणा सांगतोय. मच्छरदाणी आणि रबरबँड वापरून वर त्याला 'नैसर्गिक' म्हणणं ही धूळफेक आहे. आणि रबरबँड कोरलला कापतो. पुढे जाता जाता तुम्ही विचारलंत, की तुमचा टोडस्टूल (छत्रीच्या आकाराचा लेदर) प्लगवरून तिसऱ्यांदा सुटून संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, सापडला, तो आता कसा बसवायचा?

माफ करा, पण या प्रश्नाने तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर अर्धं तुम्हीच देऊन टाकलंत.

सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ते ओलाव्यानेच घट्ट होतं, म्हणून पाण्याखालीही चालतं. अ‍ॅक्रोपोरा किंवा माँटीपोरा या दगडी कोरलच्या तुकड्याला तळाशी चुनखडीचा खरखरीत सांगाडा असतो, तिथे ग्लू पक्का बसतो. तिथे मीही तोच वापरतो, त्यावर वाद नाही. सार्कोफायटन, सिन्युलॅरिया, लोबोफायटन या लेदर मंडळींचं तसं नाही. बाहेर नुसतं मांस, त्यावर म्यूकसचा बुळबुळीत थर, आणि ब्लेड लागलं की तो थर दुप्पट. ग्लू चिकटतो तो या थराला. शेवाळलेल्या पायरीवर सेलोटेप लावण्यातला प्रकार. एक-दोन दिवसांत कोरल तो थर सोडून देतं, ग्लूची पांढरी पापडी प्लगवर जशीच्या तशी राहते आणि फ्रॅग ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये उतरतं त्या तोंडाच्या) दिशेने निघतो.

मग काहींचे लेदर ग्लूवर टिकतात ते कसे? ग्लू सुटण्याआधी कापलेल्या कडेचा एखादा कोपरा शेजारच्या खरखरीत दगडाला टेकलेला असतो आणि तिथून कोरलने स्वतःच पकड घेतलेली असते. म्हणजे ग्लूचं काम एवढंच, की तुकडा काही दिवस जागचा हलू नये. तेच काम जाळीने जास्त खात्रीने होत असेल, तर ग्लूचा हट्ट कशाला? विक्रेते ग्लूच वापरतात, हे उदाहरण तुम्ही दिलंत. त्यांना फ्रॅग फोटोपुरता आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाईपर्यंत ताठ उभा हवा असतो. आपल्याला तो काही वर्षं एका जागी हवा असतो. दोघांची घाई सारखी नाही.

आता 'नैसर्गिक' या शब्दावरचा तुमचा राग. दगडाला धरणारा अवयव कोरलकडे आधीच आहे, एवढाच माझा अर्थ होता. तांबड्या समुद्रात इस्रायलमधल्या एलातच्या किनाऱ्यावर संशोधक येहुदा बेनायाहू आणि सहकाऱ्यांनी डेंड्रोनेफ्थिया हेम्प्रिची या मऊ कोरलचा अभ्यास केला. हे कोरल स्वतःच्या फांद्यांची बारीक टोकं आपणहून तोडून टाकतं. त्या तुकड्यांना मुळांसारखे धागे असतात आणि जागा मिळाली की ते दोनेक दिवसांतच दगड धरतात. घरच्या टँकमध्ये हा खेळ बघायचा असेल तर केनिया ट्री हे मऊ कोरल ठेवा. एकाचे दहा होतात, आणि दहाव्यानंतर डोकेदुखीही होते. शिवाय 'मऊ' या नावावर जाऊ नका. या कोरलच्या मांसात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म काटे असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. सिन्युलॅरियाच्या काही जाती बुंध्याशी हे काटे इतके घट्ट जोडतात की त्यांचा चक्क दगड होतो आणि तो रीफच्या बांधणीत भर घालतो. असा प्राणी ग्लूच्या ठिपक्यावर अवलंबून नसतो.

रबरबँडबद्दल मात्र तुमचं खरं आहे. ताणून गुंडाळला तर तो मांसात रुततो, तिथून तुकडा कुजतो किंवा दोन भाग होऊन दोन्ही वाहून जातात. म्हणून रबरबँड कोरलवरून न्यायचाच नाही. तुमच्या टोडस्टूलसाठी हेच करा. त्याचं देठ नीट बघा. तळ काळपट किंवा पिचपिचीत झाला असेल तर तेवढा भाग धारदार नव्या ब्लेडने एका फटक्यात कापा. हे टँकमध्ये नको, टँकचंच पाणी घेतलेल्या टबात करा, आणि ते पाणी परत टँकमध्ये ओतू नका. मग देठातून, तळापासून थोडं वर, लाकडी टूथपिक आडवी आरपार घाला. तळ खडबडीत दगडावर टेकवा आणि टूथपिकच्या दोन्ही टोकांवरून रबरबँड दगडाखाली न्या. ताण टूथपिकवर येतो, मांसावर नाही. टूथपिकऐवजी मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) सुईने ओवून खाली गाठ मारली तरी चालतं.

लहान तुकडे आणि मशरूम कोरल यांना हा खटाटोप नको. छोट्या वाटीत दगडाचे बारीक तुकडे भरा, वर फ्रॅग ठेवा आणि जाळी सैल ताणून वाटीच्या काठाला रबरबँड लावा. जाळी नवी आणि साधी घ्या. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी चुकूनही वापरू नका. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्यं कोळंबी आणि खेकड्यांना मारतात.

खरी गोम प्रवाहाची आहे. वेव्हमेकरसमोर (पाणी ढवळणाऱ्या पंपासमोर) ठेवलेला तुकडा कितीही बांधा, सूक्ष्म हालत राहतो आणि हलणारी कड दगड धरत नाही. उलट अगदी साचलेल्या कोपऱ्यात म्यूकस अंगावर बसून राहतं आणि सडतं. पॉलिप (कोरलच्या अंगावरची फुलासारखी तोंडं) नुसते डुलतील इतका प्रवाह हवा. टोडस्टूल या काळात आक्रसेल, तपकिरी होईल, अंगावर मेणचट कात येईल आणि बरेच दिवस पॉलिप बाहेर दिसणार नाहीत. ती कात टाकेपर्यंत त्याला हात लावू नका. मला वाटतं निम्मे फ्रॅग 'धरलं का' हे उचलून बघण्यातच सुटतात. आणि एकाच वेळी बरेच लेदर कापले असतील तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन फिल्टरमध्ये नवा भरा. लेदर पाण्यात टर्पिनॉइड रसायनं सोडतात, आणि शेजारी दगडी कोरल असतील तर त्यांना ती सोसत नाहीत.

तुमचे झोआ (चटईसारखे पसरणारे छोटे, फुलासारखे पॉलिप) ग्लूवर छान वाढतायत, हे पटलं. पण झोआ शास्त्रीय अर्थाने मऊ कोरल नव्हेत. मऊ कोरलच्या पॉलिपला आठ स्पर्शिका असतात, झोआचं तसं नाही, आणि त्यांच्या चटईचा तळ चिवट असतो, म्हणून तिथे ग्लू धरतो. फक्त ते कापताना हातमोजे आणि गॉगल घालाच. पॅलिटॉक्सिन हे जहाल विष १९७१ मध्ये वेगळं काढलं गेलं, ते हवाईतल्या, झोआच्याच गटातल्या एका पॅलिथोआमधून. झोआ लागलेला दगड उकळून साफ करायचा विचारही नको, वाफेतून विषबाधा होते.

राहिला तुमचा मालवणचा सल्ला, की किनाऱ्यावर कोरलचे मेलेले तुकडे फुकट मिळतात, दगड विकत कशाला घ्यायचा. तेवढं कृपया करू नका आणि इतरांना सुचवूही नका. मालवण १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय २००१ मध्ये सगळी दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घेतली गेली. कोरल मेलेलं आहे म्हणून सुटका होत नाही. त्याच यादीत समुद्रपंखेही आहेत, आणि ते तर लेदरचेच भाऊबंद, तेव्हा 'मऊ आहे, चालतं' हेही खरं नाही. त्यापेक्षा मासळी बाजारात कालवं सोलणाऱ्या बाईंकडून रिकामी शिंपलं मागून आणा. आतलं मांस पूर्ण खरवडा, ब्रशने घासा, ब्लीचच्या पाण्यात बुडवा, मग भरपूर धुऊन वास जाईपर्यंत उन्हात वाळवा. खडबडीत बाजू वर ठेवा. लेदरला ती प्लगपेक्षा जास्त मानवते.