'काका, आधी स्टेअरिंग समजून घ्या' : चक्रधर यांना उत्तर

गेल्या महिन्यात मी 'आमच्या फियाटचं स्टेअरिंग तल्लख कसं केलं' हा लेख लिहिला, त्यात हातातलं मूळ स्टेअरिंग चाक काढून छोटं लावल्याचं आणि स्टेअरिंगचा गिअरबॉक्स (पुढे नुसता 'बॉक्स') आवळल्याचं सांगितलं होतं. त्यावर 'चक्रधर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

"काका, छोटं चाक लावून स्टेअरिंग जलद होत नाही, फक्त जड होतं. रेशो तोच राहतो. आधी स्टेअरिंग म्हणजे काय ते समजून घ्या, मग लोकांना शिकवा. खरंच जलद करायचं तर पिटमन आर्मची लांबी बदलावी लागते. शिवाय झिजलेला बॉक्स आवळला की वळणात तो अडकतो आणि चाक आपोआप सरळ येत नाही, हे तुम्ही लिहिलंच नाही. रेडियल टायर घातल्यावर जुन्या पुस्तकातली हवा चालत नाही. आणि छोट्या चाकाने मीटर झाकलं जातं ते वेगळंच."

आमच्या सौ. म्हणाल्या, सोडून द्या. दोन दिवस सोडून दिलंही. पण लेखाखाली ती प्रतिक्रिया तशीच राहिली तर वाचणाऱ्याला वाटायचं की काकांकडे उत्तर नाही.

तर आधी 'काका'. मला काका म्हणण्याला माझी हरकत नाही. सोसायटीतली पोरं म्हणतात, भाजीवाला म्हणतो, पेट्रोल पंपावरचा मुलगा तर पद्मिनी (आमची फियाट ती हीच) बघून आपणहून 'काका, झीरो बघा' म्हणतो. पण त्यांच्या 'काका'त आणि तुमच्या 'काका'त फरक आहे. तुमच्या वाक्यात तो शब्द आदराने आलेला नाही, 'बाजूला व्हा' म्हणायला आला आहे. 'समजून घ्या' आणि 'शिकवा' हे दोन्ही त्याच सुरात. मी कुणाला शिकवायला बसलो नव्हतो. माझ्या गाडीला मी काय केलं ते लिहिलं. लेखाच्या शीर्षकात 'केलं' आहे, 'करावं' नाही. शीर्षक तरी नीट वाचायचं होतं. आणि स्वतः टोपणनावाआड बसून दुसऱ्याची परीक्षा घेणं सोपं असतं, माझा तर लेखावर फोटोसकट पत्ता लागतो.

आता समजून घेण्याबद्दल. ही गाडी वडिलांनी १९८६ साली घेतली, तीही नंबर लावून, वाट बघून. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, पांढरी, गिअर स्टेअरिंगच्याच दांड्यावर. मी तिच्यावरच शिकलो. बोरघाटातून, एक्सप्रेसवे व्हायच्या आधी, हिच्यातून किती वेळा मुंबई गाठली याचा हिशेब नाही. चिपळूणला मामाकडे जाताना कुंभार्ली घाट, महाडला जाताना वरंधा. बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, पण रविवार नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) बदलताना टॉर्च धरून उभा राहिलेला माणूस आहे मी. ॲम्बॅसेडरला रॅक आणि पिनियन (दातेरी पट्टी) होता आणि आमच्या फियाटला वर्मचा (स्क्रूसारख्या दांड्याचा) बॉक्स, आणि त्यामुळे दोन्ही गाड्यांचा हात किती वेगळा लागायचा, हे मला कुठे वाचावं लागलं नाही. तुमचं वय काय ते ठाऊक नाही, पण कयास करू शकतो.

मुख्य मुद्दा हातातल्या छोट्या चाकाचा.

मूळ चाक माझ्या मोजपट्टीने ४०० मिलिमीटर व्यासाचं भरलं. नवीन चाक ३५० चं. पाव फेरा फिरवायचा तर मूळ चाकावर हात साधारण ३१४ मिलिमीटर सरकतो, नव्यावर २७५. म्हणजे ३९ मिलिमीटर कमी, ढोबळ दीड इंच. रेशो म्हणजे चालकाचं चाक किती अंश फिरलं की पुढची चाकं किती अंश वळतात. तो बदलला नाही, हे मलाही कळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढे फेरे आधी होते तेवढेच आहेत. पण गाडी चालवणारा अंश मोजत नाही. त्याला कळतं ते हात किती लांब न्यावा लागला ते. तुम्ही कंपासपेटीतून बोलताय, मी खांद्यातून बोलतोय.

(लेखात एका ठिकाणी माझ्याकडून 'रेशो सुधारला' असं लिहिलं गेलं होतं. तो शब्द चुकला. कालच दुरुस्त केला. चूक दाखवली की मान्य करणाऱ्यांतला मी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.)

राहिलं 'फक्त जड होतं'. जड होतंच. ४०० चे ३५० केले की हाताला साधारण १४ टक्के जास्त जोर लागतो, हे मी लेखातच म्हटलंय. पण 'फक्त' कुठून आलं? या एका शब्दावर माझा आक्षेप आहे. कुंभार्लीच्या वळणावर जुन्या चाकाने माझे हात एकमेकांवरून दोनदा जायचे. नव्याने एकदा जातात. तीन वर्षांपूर्वी याच घाटात एक ट्रक वळणावर आपली बाजू सोडून आला. मी डावीकडे घेतली, त्याचा आरसा आमच्या आरशाजवळून गेला, मागच्या सीटवर सौ. आणि त्यांची बहीण. त्या वेळी तो दीड इंच 'फक्त जड' नव्हता. सौ. म्हणतात की जुन्या चाकानेही गाडी निघाली असती. असेल. त्या गाडी चालवत नाहीत.

आता तुमचा पिटमन आर्म. 'लांबी बदलावी लागते' म्हणालात. लांब की आखूड? ते सांगितलं नाहीत. सांगायला हवं होतं, कारण घोळ तिथेच होतो. बॉक्समधून निघणारा पिटमन आर्म लांब केला की स्टेअरिंग जलद होतं. पुढच्या चाकाच्या नकलवरचा (चाक वळवणाऱ्या जोडावरचा) स्टेअरिंग आर्म मात्र आखूड केला की जलद होतं. अगदी उलट. तुमचं वाक्य वाचून एखाद्याने उत्साहात नको तो आर्म नको तेवढा केला तर?

बरं, पिटमन लांब केलाच. मग पलीकडचा आयडलर आर्मही तेवढाच लांब हवा, नाहीतर मधला रॉड तिरका चालतो आणि दोन चाकं वेगवेगळी वळतात. चाकांपर्यंत जाणाऱ्या टायरॉडची टोकं जागा सोडून सरकली की खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप एका बाजूला ओढते. आपल्या रस्त्यांवर हे सुख कुणाला हवंय? आणि आर्म आणणार कुठून? बाजारात तयार मिळत नाही, म्हणजे कापून वेल्डिंग. हा घडीव लोखंडाचा भाग. त्याला वेल्डिंग मारणं म्हणजे घाटात उतरताना देवाचं नाव घेत उतरणं. वेल्डिंग करा असं तुम्ही म्हटलेलं नाही, हे मान्य. पण वाचणारा तेच करणार.

आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून बघा, कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरफार करता येतात का ते. (छोट्या चाकाचं काय, असं कुणी तरी विचारेल. ते चार बोल्टांचं काम आहे, जुनं चाक माळ्यावर जपून ठेवलंय.)

सगळ्यात गंमत पुढे आहे. आर्म १४ टक्के लांब केला की जोरही जवळपास तेवढाच जास्त लागणार. यंत्रात फुकट काही मिळत नाही, जलद केलं की जड होणारच. म्हणजे तुमचा जो आक्षेप माझ्या चाकाला, तोच तुमच्या आर्मला. मी ते १४ टक्के हातात घेतले, तुम्ही लोखंडात घ्या म्हणता. माझ्या उपायाने तोंडाने तरी 'जड झालं' म्हणता येतं, तुमच्याने थेट अलाइनमेंटवाल्याकडे जावं लागेल. यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर द्यावं, पण 'काका'शिवाय.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत, पटकन आटपतो.

हवेचं बरोबर आहे. जुन्या पुस्तकातला आकडा त्या काळच्या साध्या टायरांचा, रेडियलला तो धरून चालत नाही. मी पुढे २ पीएसआय जास्त ठेवतो, तेवढं लिहायचं राहिलं. लिहिलं असतं तरी तुम्हाला दुसरं काही सापडलं असतंच.

मीटर झाकलं जातं हे खरं, पण ४० ते ६० एवढाच भाग. मान जरा वर केली की दिसतं. आणि या गाडीत ४० ते ६० मध्ये आहोत हे आवाजावरून कळतं.

बॉक्स आवळण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते गॅरेजवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. वर्म मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले (ढिलेपणा) घालवायला आवळलं की न झिजलेल्या टोकांकडे तो घट्ट होतो. म्हणून थोडं आवळायचं, पुढची चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, कुठे अडकलं तर मागे घ्यायचं. टायरॉड एंड, आयडलरचं बुश आणि किंगपिन आधी बघायचे, बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावायचा. हे क्रमाने मी लिहिलं नाही, कारण लेख स्टेअरिंग तल्लख करण्यावर होता, दुरुस्तीच्या वर्गावर नव्हता. आमच्याकडे आधी चाकाच्या कडेवर अडीच इंच प्ले होता, आता जेमतेम अर्धा इंच आहे. वळण घेतल्यावर चाक पूर्ण सरळ येत नाही, शेवटचं थोडं हाताने आणावं लागतं, पण त्याची सवय होते. जुन्या गाडीत असं चालायचंच. मी टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) कमी केलंय, त्यामुळेही असू शकेल.

असो. लेख मागे घेणार नाही आणि छोटं चाकही काढणार नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खरं नाव टाका, मग आपण समोरासमोर बोलू, हवं तर गाडीत बसून बोलू. चहा माझ्याकडून.

येत्या रविवारी मिस्त्रींकडे जाणारच आहे, सायलेन्सरच्या कामासाठी. आलोच आहे तर बॉक्सही जरा सैल करून बघायला सांगेन. त्याचा तुमच्या प्रतिक्रियेशी काही संबंध नाही.