गेटवरचा फ्लेक्स

परवा रिक्षातून मुंबईतल्या माझ्या जुन्या कॅथलिक शाळेवरून जात होते, गेटवरचा फ्लेक्स बघून रिक्षा थांबवलीच. 'अ‍ॅडमिशन ओपन, ज्युनिअर केजी ते नववी.' नववीसुद्धा! १९८६ साली आई थर्मास घेऊन पहाटे चारला याच गेटबाहेर रांगेत उभी होती. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले, ते अ‍ॅडमिशनचे नव्हते हां, नुसता फॉर्म मिळाल्याचे.

गेल्या मे महिन्यात तिथल्याच एका टीचरचा फोन आला. "ताई, तुमच्या सोसायटीत कुणाचं तीन वर्षांचं मूल आहे का हो?" इतक्या संकोचून बोलत होत्या की मलाच कसंतरी झालं. अनुदानित शाळेत पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरला की संच मान्यतेत (सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) पद जातं, तुकडी बंद होते आणि वीस वर्षं शिकवलेली बाई 'अतिरिक्त' ठरून भलत्याच शाळेत रवाना होते. म्हणून ऐन उन्हाळ्यात ही दारोदार.

एसएससी बोर्ड आता कुणालाच नको, पोरं कमी, कुटुंबं मीरा रोड-विरारला गेली, सगळं मान्य. पण वांद्र्यात बघा. १८६३ सालची सेंट स्टॅनिस्लॉस, शिवाय सेंट अँड्र्यूज, सेंट टेरेसा, सेंट जोसेफ्स, अपोस्टॉलिक कार्मेल. एका उपनगरात इतक्या कॅथलिक शाळा, आणि प्रत्येकीला मुलं हवीत. जेझुइट फादरांच्या शाळा वेगळ्या, सेलेशियन फादरांच्या वेगळ्या, सिस्टरांच्या वेगळ्या, पॅरिशच्या म्हणजे स्थानिक चर्चच्या शाळा आर्चबिशपच्या आर्चडायोसिसकडे. आमच्या भागात मुलांची एक आणि मुलींची एक, दोन्ही अर्ध्या रिकाम्या, मध्ये फक्त चर्चची भिंत. एकत्र करा म्हटलं तर दोन्हीकडून हसून विषय बदलतात.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे त्याच आवारात दुसरा बोर्ड. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये एसएससी आणि आयसीएसई दोन्ही आहेत, माटुंग्याला डॉन बॉस्कोची इंटरनॅशनल शाळा आहे. काढा की, कोण नको म्हणतंय? फी लाखांत गेली तरी भरणारे भरतात. (मीही भरते. माझा मुलगा आयसीएसईला आहे, तेव्हा कमेंटमध्ये ते विचारू नका.) पण नव्या बोर्डाच्या इमारतीला लिफ्ट आणि जुन्या एसएससीच्या वर्गातला पंखा महिनोन् महिने बंद, हे चाललंय त्याला माझा आक्षेप आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागा अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. म्हणजे गरिबाच्या पोराला आत शिरायला अनुदानित वर्गाचंच दार. माझ्या बाकावर एका बाजूला कोळीवाड्यातली मुलगी असायची, डब्यात सुका जवळा, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची लेक. मधल्या सुट्टीत जवळा आधी संपायचा.

त्या टीचरना मी दोन नावं दिली. चौथ्या मजल्यावरच्यांनी "एसएससी ना?" एवढंच विचारून दार लावलं. दुसरं नाव आमच्या वॉचमनच्या मुलीचं. टीचर स्वतः आल्या, त्याच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून फॉर्म भरला, आणि जाताना दोनदा बजावलं, "सोमवारी जन्मदाखला आणि दोन फोटो विसरू नका हं."