इंचटेपच्या बाहेर

रॅम्प सोडून ख्रिस्ताकडे वळलेल्या एका मॉडेलची मुलाखत वाचताना डोळे भरून आले. मीही नऊ वर्षं अंधेरीत ऑडिशनच्या रांगांत काढली. कंबर इंचभर वाढली की काम जायचं, आणि वाटायचं, मीच संपले. एका बुधवारी मैत्रिणीने माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे सलग नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला नेलं. (तिथे सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात.) कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. किती मोकळं वाटलं! पुढे बायबलमधलं स्तोत्र १३९ वाचलं: आईच्या उदरात देवानेच मला घडवलं.

मी ख्रिस्ताकडे वळले तेव्हा आई रडली, "आता तू आपली राहिली नाहीस." अगं आई, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला आणि अभंगांतून ख्रिस्त गायला. मी अजून तुझीच आहे.