'इन द मूड'चे श्रेय

अमेरिकी वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर यांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लोकप्रियतेवरील तुमचा लेख आवडला, परंतु 'इन द मूड' हे प्रसिद्ध जॅझ गाणे ही त्यांचीच निर्मिती असल्याचा जो समज त्यातून होतो, तो दूर व्हायला हवा असे मनापासून वाटते. या गाण्याचा गाभा असलेली सुरावट ट्रम्पेटवादक विंगी मॅनोन यांच्या 1930 मधील 'टार पेपर स्टॉम्प'मध्ये स्पष्ट ऐकू येते, आणि पुढच्याच वर्षी फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदाने ती 'हॉट अँड अँक्शस'मध्ये वाजवली. सॅक्सोफोनवादक जो गार्लंड यांनी तिला आज परिचित असलेले रूप दिले, आणि एडगर हेज यांच्या वाद्यवृंदाने 1938 मध्ये ते ध्वनिमुद्रितही केले. त्यानंतर ती रचना क्लॅरिनेटवादक आणि वाद्यवृंदप्रमुख आर्टी शॉ यांच्याकडे गेली, मात्र रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेल इतकी ती आटोपशीर नव्हती.

मिलर यांचे खरे कर्तृत्व येथे दिसते. 1 ऑगस्ट 1939 रोजी, म्हणजे युरोपात युद्ध पेटण्याच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणात अनावश्यक भाग गाळलेले आहेत, टेक्स बेनेकी आणि अल क्लिंक यांच्या सॅक्सोफोनची जुगलबंदी आहे, आणि शेवटी तीच सुरावट हळूहळू मंद होत जाऊन अचानक पूर्ण जोमाने उसळते. ही संपादनाची दृष्टी असामान्यच म्हणावी लागेल. रेकॉर्डवर संगीतकार म्हणून गार्लंड यांचे नाव आले, मॅनोन यांचे मात्र नाही, कारण त्यांनी त्या सुरावटीचे स्वामित्वहक्क नोंदवलेले नव्हते. लेखात मॅनोन आणि गार्लंड या दोघांचाही उल्लेख जोडावा, ही विनंती.