फ्लॅट फ्लोअरचं कौतुक जरा जास्तच झालं!

सर्वोत्तम जॅग्वार ई-टाइप कोणती, यावरच्या लेखात या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १९६१च्या फ्लॅट फ्लोअर मॉडेलला, म्हणजे पायाशी खोलगट जागा नसलेल्या सपाट तळाच्या गाडीला, पहिला नंबर दिलाय. देखणी आहेच, आणि बॉनेटचे ते बाहेरून चावीने उघडायचे लॅच म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. पण गाडी चालवायचीय की नुसती मिरवायचीय? उंच माणसाला पाय ठेवायची पंचाईत, ब्रेक यथातथाच आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद पडावा म्हणून वेग जुळवणारी यंत्रणा) नाही. चालत्या गाडीत तो टाकायला गेलात की खर्रर्र! १९६४च्या अखेरीस आलेल्या ४.२ लिटर इंजिनच्या ई-टाइपमध्ये चारही गिअर सिंक्रो, सीट आणि ब्रेक सुधारलेले. कागदावर ताकद तीच, २६५ हॉर्सपॉवर, पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा खेचण्याचा जोर, वाढला. आधीच्या गाडीचं ३.८ लिटरचं इंजिन जास्त मोकळं फिरतं, हे मान्य. तरी माझं मत काचेआडच्या हेडलाइटवाल्या ४.२ लाच.