कान धरून घरापर्यंत

आमच्या गावच्या कटिंगवाल्याचा एक हात वस्तऱ्यावर असतो आणि लक्ष खर्ऱ्याच्या पुडीवर. परवा या दोन्हींच्या मधे माझा कान आला. वरच्या कोरीला तिळाएवढं कापलं, पण रक्त असं निघालं की बनियन भिजली.

"काई नाई हो भाऊ, बारीक लागलं," म्हणत त्यानं तुरटी फिरवली. तुरटी वाहून गेली. मग बाकावर नंबर लावून बसलेले उठले. कुणी हळद आणली, कुणी चहापत्ती, एकानं बिडीची राख पुढं केली. समोरच्या घरातला पोरगा भाव येईपर्यंत रचून ठेवलेल्या गंजीतला मूठभर कापूस घेऊन पळत आला. क्विंटलमागे दोनशे वाढल्याशिवाय बोंडही न विकणारं ते घर! त्यांची दानत मी विसरणार नाही. सरकी मात्र कानात गेली.

शेवटी यवतमाळला डॉक्टरकी शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याची परीक्षा तोंडावर होती, म्हणून आधी उजळणी झाली.

"मामा, बाह्य कॅरोटिड धमनी मानेतून वर येते. तिची एक फांदी कानामागून जाते, पोस्टेरिअर ऑरिक्युलर. दुसरी कानापुढून कानशिलाकडे, सुपरफिशियल टेम्पोरल. कानापुढं बोट ठेवा, ठोका लागतो."

ठेवलं. ठोका लागला, बोटही लाल झालं.

"मागचीच्या काही फांद्या कुर्चेतून, म्हणजे कानाच्या लवचीक सांगाड्यातून, आरपार पुढं येतात. पुढच्यामागच्या एकमेकींना जोडलेल्या असतात. भोकाच्या आतल्या भागाला आणखी वेगळी."

म्हणजे आमच्या शेतातल्या पंपाला रात्रपाळीची वीज, तीही मधेच गुल. आणि या चिमूटभर कानाला दोन्हीकडून लाईन! बरं, एवढं करून ज्या कुर्चेवर कान उभा, तिच्यात स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही. वरच्या आवरणातून जे पाझरेल त्यावर बिचारी जगते. पैलवानाच्या कानाला मार बसून त्या आवरणाखाली रक्त साचलं की कुर्चा उपाशी पडते, आणि कान कायमचा चुरगळतो. हेही भाच्यानंच सांगितलं. तोवर शर्टही गेला होता.

"अरे, पण करू काय?"

"स्वच्छ रुमाल लावा आणि चिमटीत कान दाबून धरा. दहा मिनिटं. मधे उघडून पाहू नका."

एवढंच होतं तर धमन्यांची वंशावळ कशाला! रुमालात कान धरून निघालो. मारुतीच्या पारावरून आवाज आला, "काऊन हो, कायची माफी मांगून राह्यले?" ज्याचे पैसे थकलेत तो म्हणाला, "कान कायले धरता भाऊ? उद्या आणून देजा."

घरी बायको अंगणात गहू निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं, जरा वेळ घेतला.

"राहू द्या आता. पण माह्या माहेरच्यांले पुन्हा असं बोलू नका."

मी नेमकं काय बोललो होतो, ते काही केल्या आठवेना. पण दहा मिनिटं व्हायची होती, म्हणून कान सोडला नाही.