कठड्यावर लोंबणाऱ्या दोन स्लीव्ह

आज सकाळच्या राउंडला पाहिलेलं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण. चार्टवर 'डीव्हीटी पंप' (पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पायांना बांधलेल्या स्लीव्हमध्ये हवा भरून दाब देणारं मशीन) या ओळीत तासातासाला बरोबरच्या खुणा. आणि पंपाच्या दोन्ही स्लीव्ह पलंगाच्या कठड्यावर लोंबताहेत, मशीन बंद. रात्री स्पंजिंगसाठी काढल्या, परत बांधल्याच नाहीत. गुठळी रोखणारं हेपरिन तर परवा रात्रीच ट्रॅकिओस्टॉमीसाठी (गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी) थांबवलेलं. काल प्रोसिजर झाली, रक्तस्राव नव्हता, पण 'पुन्हा सुरू करा' असं कुणीच लिहिलं नाही.

गुठळी व्हायला तीन गोष्टी कारण ठरतात: रक्त संथ वाहणं, शिरेच्या अस्तराला इजा, रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ. या रुग्णाकडे तिन्ही आहेत. सिडेशनमुळे, म्हणजे गुंगीच्या औषधामुळे, पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलत नाही, जांघेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, अंगात सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे बिघडलेली अवस्था) आहे. शिवाय 'पाय दुखतोय' हे तो सांगू शकत नाही. अशा माणसात पहिलं लक्षण म्हणजे एकदम घसरलेलं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) असू शकतं. तेव्हा गुठळी फुप्फुसात पोचलेली असते.

हेपरिनच्याच कुळातल्या एनॉक्सापॅरिनचा डोस विचारा, 'चाळीस मिलिग्रॅम, दिवसातून एकदा' हे सगळे सांगतात. पुढचा प्रश्न विचारला की शांतता. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडं किती काम करताहेत याचं माप) 30 च्या खाली गेला तर हे औषध शरीरात साठतं. मग डोस कमी करा, नाहीतर साधं हेपरिन 5000 युनिट दर 8 किंवा 12 तासांनी द्या. हेपरिन सुरू केल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) निम्म्यावर आल्या तर हेपरिनचीच प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी लाइन मोकळी ठेवायला सोडलेलं हेपरिन फ्लशसुद्धा बंद करायचं. एनॉक्सापॅरिनवर जाणं हा उपाय नाही, दुसऱ्या गटातलं औषध लागतं. एपिड्युरल कॅथेटर (वेदना थांबवायला पाठीच्या कण्यात घातलेली बारीक नळी) काढायचा असेल तर एनॉक्सापॅरिनच्या शेवटच्या प्रतिबंधक डोसनंतर किमान 12 तास थांबा, काढल्यावर पुढचा डोस किमान 4 तासांनी.

इंजेक्शन देणंही नीट शिकवलेलं नसतं. बेंबीपासून 5 सेंटिमीटर लांब, त्वचेची घडी चिमटीत धरून सुई सरळ पूर्ण आत, औषध संपेपर्यंत घडी सोडायची नाही. 40 मिलिग्रॅमच्या भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, काढताना औषधच वाया जातं. नंतर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं होतं. पुढचा डोस दुसऱ्या बाजूला.

आता कुणीतरी म्हणेल, हेपरिन चालू असताना वर पंप लावून फारसा जास्त फायदा दिसला नाही, 2019 च्या चाचणीत तेच आलं. मान्य. पण इथे हेपरिन बंद होतं हो! प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील, रक्तस्राव चालू असेल किंवा डोस थांबवलेला असेल तेव्हा पंपाशिवाय हातात दुसरं असतं काय? आणि तो पायावर असला तरच उपयोग. दिवसातून किमान 18 तास हवा, पोटरीच्या मापाची स्लीव्ह हवी, आत दोन बोटं सहज जातील इतकी सैल हवी. प्रत्येक पाळीला काढून त्वचा बघायची आणि लगेच परत बांधायची.

रात्रीच्या सिस्टरवर मला राग काढायचा नाही. तिच्याकडे चार रुग्ण होते आणि त्यातला एक सारखा कोसळत होता. स्लीव्ह कशासाठी हे तिला कधी कुणी समजावलंच नसेल, तर चार्टवरची ती ओळ तिच्यासाठी भरायचा आणखी एक रकाना असते. खोटी खूण चूकच, तेही तिला समोर बसवून सांगितलं. पण आम्ही काय केलं? काल दोन राउंड झाले, सीनियर उभे होते, रेसिडेंट उभे होते, आणि थांबवलेल्या डोसबद्दल एकानेही विचारलं नाही. डोस थांबवताना त्याच ओळीत पुन्हा सुरू करायची वेळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. अर्धं मिनिट!

स्लीव्ह परत बांधण्याआधी पोटऱ्या मोजल्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली. डावी उजवीपेक्षा 4 सेंटिमीटरने जास्त भरली. म्हणून स्लीव्ह बांधलेल्याच नाहीत, शिरेत गुठळी असण्याची शंका असलेल्या पायाला पंप लावत नाहीत. डॉपलरचा (शिरांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट अजून यायचाय.